वीज गेली की व्हिडिओ अडकायला लागतो: रीड-अहेडचा आकडा टिकत का नाही

फोंड्यातल्या एका छोट्या स्टुडिओची कॉम्प्युटरची कामं मी बघतो. देवळांच्या उत्सवातली मराठी नाटकं, जत्रा, भजनं, चवथीच्या दिवसांत घुमट आरत्या, असं चित्रीकरण करून ते एडिट करून देतात. गेल्या पावसाळ्यात तिथून एकच तक्रार मला तीनदा आली आणि चौथ्यांदा तिची सख्खी बहीण आली. एडिटिंगला बसणारी मुलगी फोनवर कोकणी बोलते आणि मेसेज मराठीत पाठवते. फोन असा: "दादा, परत अडकता." त्यामागून मेसेज: "तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन लावली की दर दोन-तीन सेकंदांनी चित्र थांबतं. एकच कॅमेरा ठेवला तर नीट चालतं. काल रात्री लाइट गेली होती."

शेवटचं वाक्य तिने सहज टाकलं होतं. निम्मं निदान त्यातच होतं, आणि मी ते वाचून सोडून दिलं.

मशीन असं आहे: रॉकी लिनक्स ९, म्हणजे कर्नल (सिस्टीमचा गाभा) ५.१४. आधी सेंटओएस ७ होतं, त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला म्हणून बदललं. सिस्टीम एसएसडीवर आहे. चित्रीकरण ८ टीबीच्या दोन फिरत्या डिस्कवर, ७२०० आरपीएमच्या. दोन्ही डिस्क एमडीने (लिनक्समधलं डिस्क जोडायचं सॉफ्टवेअर) रेड १ मध्ये जोडलेल्या, म्हणजे एक दुसरीचा आरसा; त्यावर एलव्हीएम, जे जागेचे 'व्हॉल्यूम' नावाचे भाग पाडतं; त्यावर एक्सएफएस ही फाइलसिस्टीम. म्हणजे फाइल आणि प्रत्यक्ष डिस्क यांच्यामध्ये मजल्यावर मजले. हे मजले लक्षात असू द्या, पहिल्यांदा मी तिथेच आपटलो.

(कमांड खाली देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमी लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. डिस्कची आणि व्हॉल्यूमची नावं तुमच्याकडची घाला.)

आधी रीड-अहेड म्हणजे काय ते थोडक्यात. एखादा प्रोग्राम फाइल ओळीने वाचतोय असं कर्नलला दिसलं की तो मागितलेल्या तुकड्याच्या पुढचाही भाग डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवतो. सुरुवात छोट्या खिडकीने होते. अंदाज बरोबर येत गेला की खिडकी वाढवत नेतो, आणि ती कमाल मर्यादेला जाऊन थांबते. आणलेल्या पानांपैकी (मेमरीच्या छोट्या तुकड्यांपैकी) एकावर तो खूण करून ठेवतो. वाचणारा त्या खुणेपाशी पोचला की पुढची खेप मागवली जाते, म्हणजे हातातलं संपायच्या आत पुढचं वाटेत असतं. ही आत्ताची पद्धत २००७ मध्ये २.६.२३ कर्नलमध्ये आली. आपल्या हातात आहे ती फक्त ती कमाल मर्यादा. साध्या डिस्कला ती मुळात १२८ केबी असते.

एका फाइलला १२८ केबी पुरतात. भानगड होते ती एकाच वेळी तीन-चार लांब फाइली वाचताना. डिस्कचं डोकं एका फाइलवरून दुसरीवर उडी मारतं, दर उडीला वेळ जातो, आणि तिथे पोचल्यावर उचलतं किती, तर १२८ केबी. एकेक कागद आणायला दर वेळी फोंड्याहून पणजीला बसने जाण्यातला प्रकार. बस तेवढाच वेळ घेते, कागद एक आणा नाहीतर गठ्ठा आणा.

हिशेब करून बघू, कारण पुढे आकडा निवडताना हाच कामाला येतो. ७२०० आरपीएमची चकती एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट ४.२ मिलिसेकंद. डोकं हलायला आठेक धरा. दर उडीमागे १२ मिलिसेकंद गेले. वाचण्याचा वेग सेकंदाला १५० एमबी धरला तर १२८ केबी उचलायला एक मिलिसेकंदही लागत नाही. बारा मिलिसेकंद प्रवास आणि एक मिलिसेकंदाचं काम! हाती येतात सेकंदाला जेमतेम १० एमबी. तीच मर्यादा २ एमबी केली तर उचलायला १३ मिलिसेकंद, एकूण २५, आणि वेग जातो ७५ ते ८० एमबीवर. स्टुडिओतले तीन कॅमेरे प्रत्येकी १०० मेगाबिटचे, म्हणजे एकूण सेकंदाला ३७.५ एमबी हवेत. आरशातल्या दोन डिस्क वाचन वाटून घेतात, तरी १० चे २० होतील, ३७ नाही. हा सगळ्यात वाईट परिस्थितीचा हिशेब आहे. मागण्यांचा क्रम लावणारा कर्नलचा शेड्युलर आणि सॉफ्टवेअरची स्वतःची मोठी वाचनं यामुळे प्रत्यक्षात थोडं बरं असतं. पण "एक कॅमेरा चालतो, तीन अडकतात" याचं उत्तर त्यात मिळतं.

ही तक्रार खरंच रीड-अहेडची आहे का, हे आधी ठरवा. नेटवर्कने वा प्रोसेसरनेही चित्र अडकतं. चित्र अडकत असताना दुसऱ्या खिडकीत आयओस्टॅट -एक्स १ (डिस्कचं काम दर सेकंदाला दाखवणारी कमांड) चालवून ठेवा. डिस्कच्या ओळीत वापराची टक्केवारी शंभराला टेकलेली, पण वाचनाचा वेग दहा-वीस एमबीवर, आणि 'आरएरेक्यू-एसझेड' म्हणजे एका वाचनाचा सरासरी आकार १२८ केबीच्या आत: हे तिन्ही एकदम दिसलं तर पुढे वाचा. टक्केवारीच कमी असेल तर डिस्क बिचारी रिकामी बसली आहे, दोष दुसरीकडे शोधा.

पहिली खेप

मी पणजीहून गेलो, आयओस्टॅट बघितलं, चित्र वर सांगितलं तसंच होतं. म्हटलं सोपं आहे, मर्यादा वाढवू.

ब्लॉकडेव्ह --सेटआरए ४०९६ /डेव्ह/एसडीबी

दुसऱ्या डिस्कलाही तेच. काही फरक नाही. कारण खालच्या डिस्कचा आकडा इथे कुणी विचारतच नाही. फाइल वाचताना कर्नल बघतो तो फाइलसिस्टीम ज्या डिव्हाइसवर बसली आहे त्याचा आकडा. इथे ते एलव्हीएमचं व्हॉल्यूम होतं. त्याचा आकडा वेगळा, खालच्या एमडीचा वेगळा, डिस्कचा आणखी वेगळा. माउंट कशाचं झालंय, म्हणजे फोल्डरशी कुठलं डिव्हाइस जोडलंय, ते फाइंडएमएनटी सांगतं, तेच नाव घ्यायचं. लुक्सने डिस्क कुलूपबंद केली असेल तरी हाच नियम, सगळ्यात वरचा मजला धरायचा. पार्टिशनचं मात्र उलट आहे: त्याचा वेगळा आकडा नसतो, एका पार्टिशनवर बदललात की अख्ख्या डिस्कचा बदलतो.

ब्लॉकडेव्ह --सेटआरए ४०९६ /डेव्ह/मॅपर/स्टुडिओ-चित्रण

आता बरोबर डिव्हाइस. तरीही चित्र अडकतच होतं! मी दोनदा आकडा वाचून बघितला, बदललेला होता. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली, मुलीने सॉफ्टवेअर बंद केलं आणि ती जेवायला गेली. परत आल्यावर तोच प्रोजेक्ट उघडला तर तिन्ही कॅमेरे लोण्यासारखे. मी काही केलं नव्हतं. केलं होतं ते तिने: बंद करून उघडलं.

हे कर्नलच्या कोडमध्ये स्पष्ट आहे, मला तेव्हा आठवलं नाही एवढंच. फाइल उघडते त्या क्षणी डिव्हाइसचा रीड-अहेडचा आकडा त्या उघडलेल्या फाइलच्या नोंदीत उतरवून घेतला जातो. नंतर तुम्ही डिव्हाइसवर काहीही करा, आधीच उघडी असलेली फाइल जुनाच आकडा वापरते. म्हणून आकडा बदलला की तो वापरणारा प्रोग्राम किंवा सर्व्हिस बंद करून सुरू करा, आणि मगच फरक पडला की नाही ते ठरवा. बरोबर आकडा घालूनही "उपयोग नाही" म्हणून लोक काढून टाकतात, त्यातले निम्मे इथेच फसत असावेत असा माझा संशय आहे.

मोजतानाही असाच एक खड्डा आहे. एकदा वाचलेली फाइल मेमरीत राहते, दुसऱ्यांदा डिस्कला हातच लागत नाही, आणि आपल्याला वाटतं सेटिंगने कमाल केली. दर चाचणीआधी सिंक करून /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ लिहा. चाचणी म्हणून तीन मोठ्या फाइलींवर एकदम तीन डीडी (फाइल नुसती वाचून काढायला चालणारी कमांड) चालवा, आउटपुट /डेव्ह/नल ला. एकच डीडी चालवून काही कळत नाही, कारण एका फाइलला मुळात त्रासच नव्हता. आणि डीडीला डायरेक्टचा पर्याय देऊ नका, त्यात रीड-अहेड पूर्ण बाजूला पडतं.

दुसरी आणि तिसरी खेप

बाराएक दिवसांनी वीज गेली. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला, मग मशीन बंद पडलं, सकाळी परत सुरू केलं. "दादा, परत अडकता." ब्लॉकडेव्हने घातलेला आकडा मशीन चालू असेपर्यंतचाच असतो. /सिस/ब्लॉक मधल्या रीड_अहेड_केबी फाइलमध्ये लिहिलेलाही तसाच. मला माहीत होतं, पण पहिल्या दिवशी चित्र चालल्याच्या आनंदात ते कायमचं करायचं राहिलं. घरूनच लॉगिन केलं आणि जुन्या सवयीने आरसी-लोकलमध्ये, म्हणजे बूटच्या वेळी चालणाऱ्या फाइलमध्ये, ओळ टाकली. काम झालं असं सांगून मोकळा झालो.

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा आकडा परत १२८. आरसी-लोकल फाइल जागेवर, ओळ जागेवर, शुद्धलेखन बरोबर. रेड हॅट घराण्यात ही फाइल असते, पण ती एक्झिक्युटेबल नसते, आणि एक्झिक्युटेबल नसेल तर ती चालवलीच जात नाही. कुठे लाल अक्षरांत काही येत नाही. गंमत म्हणजे त्या फाइलच्या वरच्या शेऱ्यातच लिहिलेलं आहे की चालवायची असेल तर परवानगी द्या, आणि त्याऐवजी सिस्टीमडी (सेवा सुरू करणारा) किंवा युडेव्ह (डिव्हाइस दिसलं की नियम लावणारा) वापरा. शेरे कोण वाचतो!

परवानगी देऊन ती चालली असती. पण आरसी-लोकल बूटच्या वेळी एकदाच चालते. नंतर जोडलेली डिस्क, नंतर चालू केलेलं व्हॉल्यूम तिला माहीत नसतं. शिवाय त्यात डिस्कचं नाव एसडीबी असं लिहिलेलं असेल तर एखादी यूएसबी डिस्क लावून बूट केल्यावर एसडीबी भलतीच असू शकते. एलव्हीएम असेल तर त्यापेक्षा सरळ रस्ता आहे:

एलव्हीचेंज --रीडअहेड ४०९६ स्टुडिओ/चित्रण

हा आकडा एलव्हीएमच्या स्वतःच्या नोंदीत, डिस्कवरच लिहिला जातो. व्हॉल्यूम जेव्हा जेव्हा चालू होईल तेव्हा तो लागू होतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी सोबत जातो. एलव्हीएस -ओ +एलव्ही_रीड_अहेड ने नोंदलेला आकडा दिसतो. तिथे आधी 'ऑटो' होतं.

एलव्हीएम नसेल तर युडेव्हचा नियम. /इटीसी/युडेव्ह/रूल्स.डी मध्ये एक फाइल, तिच्यात एक ओळ: अ‍ॅक्शन 'अ‍ॅड' किंवा 'चेंज', सबसिस्टीम ब्लॉक, कर्नलचं नाव एमडी किंवा एसडी, क्यू/रोटेशनल १, आणि मग क्यू/रीड_अहेड_केबी ला हवा तो आकडा. रोटेशनलची अट घातली की नियम फिरत्या डिस्कलाच लागतो, एसएसडीला नाही. डिव्हाइस मॅपरसाठी (एलव्हीएम आणि लुक्स ज्यावर चालतात तो कर्नलचा भाग) नियम लिहिणार असाल तर 'चेंज' विसरू नका. तिथे 'अ‍ॅड'च्या वेळी डिव्हाइस रिकामं असतं, खाली कुठल्या डिस्क आहेत ते टेबल नंतर भरलं जातं, आणि टेबल भरताना रीड-अहेड परत मुळावर येऊ शकतं. फक्त 'अ‍ॅड'वर लिहिलेला नियम मग कधी लागतो, कधी नाही, आणि माणूस वेडा होतो. नियम लिहिल्यावर युडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड, मग युडेव्हएडीएम ट्रिगर, आणि मग आकडा स्वतः वाचून बघा.

यावेळी मी प्रत्यक्ष गेलो होतो. एलव्हीचेंज केलं, मशीन मुद्दाम रीबूट केलं, आकडा बघितला, बरोबर. तीन कॅमेऱ्यांचं नाटक अख्खा एक अंक चालवून बघितलं. मालक अण्णा म्हणाले, "आता परत यायची पाळी आणू नका, येतच असाल तर जेवायला या." निघता निघता आणखी एक काम करून टाकलं, ते पुढे येतंच.

चौथी खेप

"दादा, आता चालवताना अडकत नाही. पण टाइमलाइनवर पुढे-मागे ओढलं की चित्र उशिरा येतं. आधी असं नव्हतं."

मी तिला फोनवर एलएसबीएलके -टी चालवून आरएच्या रकान्यातला आकडा वाचायला सांगितला. ती म्हणाली ४०९६. मी म्हटलं बरोबर आहे, मीच ४०९६ घातलाय, मग दोष दुसरा कसला तरी असणार. पुढचे दोन दिवस मी सॉफ्टवेअरच्या कॅशेमागे लागलो, आरशातली एक डिस्क खराब होतेय का म्हणून स्मार्टचे (डिस्कच्या तब्येतीचे) अहवाल चाळले, केबल बदलायला लावली.

चूक त्या "बरोबर आहे"मध्ये होती. ब्लॉकडेव्ह आणि एलव्हीचेंज आकडा मोजतात ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये. एलएसबीएलके आणि /सिस मधली फाइल मोजतात केबीमध्ये. मी घातलेले ४०९६ सेक्टर, म्हणजे २ एमबी. एलएसबीएलकेने ते २०४८ दाखवायला हवे होते. तिथे ४०९६ दिसत होतं म्हणजे मर्यादा ४ एमबी झाली होती. आकडा तोच, मापं दोन, आणि मी आकडा ओळखीचा दिसला म्हणून मान डोलावली. मुळातला १२८ केबीचा आकडाही ब्लॉकडेव्ह २५६ असा दाखवतं, यावरून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

मग दुप्पट कोणी केलं? एलव्हीएमच्या नोंदीत ४०९६ सेक्टरच होते. ब्लॉकडेव्ह --रिपोर्टमध्ये चित्रणच्या ओळीत ८१९२. आणि खालच्या एमडीला, दोन्ही डिस्कना, इतकंच काय सिस्टीमच्या एसएसडीलाही ८१९२. ज्या डिस्कला मी हातही लावला नव्हता तिचाही आकडा बदललेला, म्हणजे मशीनभर फिरून कोणीतरी हे केलं होतं.

ट्यून्ड-एडीएम अ‍ॅक्टिव्ह

उत्तर आलं: थ्रूपुट-परफॉर्मन्स. ही ट्यून्ड नावाची सेवा रेड हॅट घराण्यात सहसा असतेच. प्रोफाइल निवडलं की ती प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्या डझनभर सेटिंग एकदम लावते. या प्रोफाइलच्या डिस्क विभागात एक ओळ आहे, रीडअहेड बरोबर मोठेपणाची खूण ४०९६. अर्थ असा की आकडा ४०९६ केबीपेक्षा कमी असेल तर तिथपर्यंत चढवा, जास्त असेल तर हात लावू नका. आणि हे प्रोफाइल लावलं कोणी, तर मीच. तिसऱ्या खेपेला निघता निघता, "बॅलन्स्ड"पेक्षा नाव भारदस्त वाटलं म्हणून. लावल्यावर आकडा परत बघितला नव्हता, बस पकडायची होती.

४ एमबीने ओढताना चित्र जड का झालं, त्याचं उत्तर वरच्याच हिशेबात आहे. टाइमलाइन ओढताना दर उडीला नवीन जागा. तिथे जरा वाचलं की कर्नलला वाटतं ओळीने वाचतोय, तो पुढचं मागवून बसतो. तेवढ्यात हात आणखी पुढे गेलेला असतो. मागवलेलं तर डिस्कला आणावंच लागतं. ४ एमबीला २७ मिलिसेकंद, तीन कॅमेरे म्हणजे ८०, वर उड्या. शंभर मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की एडिटरच्या हाताला ते लगेच कळतं. उलट सलग चालवताना २ वरून ४ एमबीवर जाऊन मिळतं काय, तर हिशेबाने ८० चे १०० एमबी, आणि गरज होती ३७ ची. १२८ केबीवरून २ एमबीवर जाण्यात आठपट फायदा, त्यापुढे सगळी चिल्लर. म्हणून फिरत्या डिस्कवर दोन-चार मोठ्या फाइली एकदम वाचायच्या असतील तर मी १ ते २ एमबीच्या दरम्यान थांबतो. कुठे १६, कुठे ६४ एमबी घाला असं वाचलं तर तिथल्या कामाचा प्रकार कुठला होता ते आधी बघा. मेमरीचाही विचार करा: पन्नास फाइली एकदम उघड्या आणि प्रत्येकीला १६ एमबी म्हणजे ८०० एमबी नुसत्या आशेवर आणलेल्या. मेमरी अपुरी पडली की वाचायच्या आधीच ती पानं बाहेर फेकली जातात आणि तीच परत आणावी लागतात.

मी प्रोफाइल परत बॅलन्स्डवर आणलं. त्यात रीड-अहेडला हात लावणारी ओळ नाही. प्रोफाइल बदललं की ट्यून्ड तिने स्वतः बदललेले आकडे आधीच्या जागी ठेवते, त्यामुळे रिपोर्टमध्ये लगेच ४०९६ सेक्टर दिसायला लागले, एलएसबीएलकेमध्ये २०४८. तुम्हाला ते प्रोफाइल बाकी कारणांसाठी हवंच असेल तर /इटीसी/ट्यून्ड मध्ये स्वतःचं प्रोफाइल करा, त्यात थ्रूपुट-परफॉर्मन्स इन्क्लूड करा आणि डिस्क विभागात फक्त तुमचा आकडा लिहा, केबीमध्ये. पण मग एलव्हीएमची नोंद आणि युडेव्हचा नियम काढून टाका. एका आकड्याला एकच मालक ठेवायचा. दोन मालक असले की शेवटी कोण धावलं त्यावर आकडा ठरतो, आणि ते दर बूटला वेगळं असू शकतं.

काही ठिकाणी यातलं काहीच लागू पडत नाही, तेही सांगतो. एनव्हीएमई एसएसडीवर डोकं हलवायचंच नसतं, तिथे १२८ केबीवर समाधानी राहा. डेटाबेसच्या डिस्कवर आकडा वाढवण्याआधी त्या डेटाबेसचं मत बघा: मोंगोडीबी तर त्याच्या वायर्डटायगर या साठवण-इंजिनासाठी ८ ते ३२ सेक्टर इतकाच ठेवायला सांगतं, कारण तिथलं वाचन इकडून तिकडून तुकड्यांचं. मायएसक्यूएलचं इनोडीबी डायरेक्ट पद्धतीने वाचत असेल तर कर्नलच्या रीड-अहेडशी त्याचं देणंघेणं नाही, त्याचं स्वतःचं वेगळं आहे. झेडएफएस या फाइलसिस्टीमचंही स्वतःचं. बीटीआरएफएस (हीही फाइलसिस्टीमच) डिस्कचा आकडा थेट घेत नाही, स्वतःची नोंद ठेवतं आणि तिथे मुळातच कमीत कमी ४ एमबी धरतं. ती /सिस/क्लास/बीडीआय खाली सापडते. आणि रेड ५ किंवा ६ असेल तर आधी आहे तो आकडा वाचा. एमडी तिथे पट्ट्याच्या, म्हणजे डेटाच्या प्रत्येक डिस्कवरच्या एकेका तुकड्याच्या (चंकच्या) बेरजेच्या, दुप्पट रीड-अहेड आपणहून ठेवतं. चार डिस्कचं रेड ५, ५१२ केबीचा चंक, म्हणजे डेटाच्या तीन डिस्कचा पट्टा १५३६ केबी आणि रीड-अहेड ३०७२. अशा ठिकाणी कुठलातरी लेख वाचून २०४८ घातलंत तर वाढवतोय असं समजून कमी कराल.

सेंटओएस ७ वरून बदलल्यावर आणखी एक दुखणं निघालं होतं, ते बरेच दिवस मी याच तक्रारीचा भाग समजत होतो. जुनी नाटकं नेटवर्कवरच्या एका पेटीत आहेत, एनएफएसने (नेटवर्कवरचं फोल्डर जोडायची पद्धत) जोडलेली. जुन्या कर्नलमध्ये एनएफएसचं रीड-अहेड आरसाइझच्या (एका विनंतीत मागायच्या कमाल डेटाच्या) १५ पट असायचं; आरसाइझ १ एमबी म्हणजे १५ एमबी. ५.४ कर्नलपासून ते बदललं आणि एनएफएसलाही सगळ्यांसारखे १२८ केबी मिळायला लागले. मग आरसाइझ १ एमबी असूनही तारेवरून विनंत्या १२८ केबीच्याच जातात. नवीन सिस्टीम घातल्यावर पेटीवरचा व्हिडिओ हळू झाला आणि स्विच, केबल, पेटी यांच्यावर आळ घेतला गेला, तो असा.

इथे ब्लॉक डिव्हाइसच नाही, त्यामुळे ब्लॉकडेव्हचा उपयोग नाही. माउंटपॉइंट -डी ला जोडलेल्या फोल्डरचं नाव द्या, ते ०:५३ असा काहीतरी क्रमांक देईल. मग /सिस/क्लास/बीडीआय/०:५३/रीड_अहेड_केबी मध्ये आकडा लिहा. पण तो क्रमांक दर माउंटला बदलू शकतो, आणि पेटी जरा वेळ बंद होऊन परत जोडली गेली की आपला आकडा गेलाच. नव्या एनएफएस-युटिल्समध्ये यासाठी एनएफएसआरअहेड नावाचं मदतनीस आहे. ते असेल तर एनएफएस.कॉन्फ मध्ये त्याच्या नावाचा विभाग करून डिफॉल्टसमोर केबीमध्ये आकडा लिहायचा. प्रत्येक नव्या माउंटला ते स्वतः लावतं. नसेल तर बीडीआय सबसिस्टीमवर युडेव्हचा नियम. स्टुडिओत मी ४०९६ ठेवलंय, यावेळी खरोखरच केबी, कारण तिथून एका वेळी एकच नाटक काढलं जातं आणि टाइमलाइनवर घेण्याआधी ते आतल्या डिस्कवर उतरवतात.